सिम्पसनचे पाच मार्क आणि गाऊसचे चार बिंदू

मॅथ्सच्या पेपरमध्ये काही प्रश्न असे असतात, जे कोणी म्हणजे कोणीच ऑप्शनला टाकत नाही. सिम्पसनचा एक-तृतीयांश नियम त्यातला अव्वल नंबरचा. सूत्र लिहायचं, एक्स आणि वायचं टेबल आखायचं, पहिली आणि शेवटची किंमत तशीच ठेवायची, विषम क्रमांकांना चारने गुणायचं, समांना दोनने, बाहेर एच भागिले तीन... आणि उत्तर चौकटीत. पाच मार्क खिशात! वर्षभर लेक्चरला न फिरकलेला आणि पीएलमध्ये झेरॉक्सवर जगलेला माणूससुद्धा हे पाच मार्क सोडत नाही.

त्या पाच मार्कांबद्दल माझं काही म्हणणं नाही, ते मिळालेच पाहिजेत. तक्रार आहे ती पुढची. न्यूमरिकल इंटिग्रेशन म्हणजे टेबल भरणं, एवढीच समजूत घेऊन आपण सगळे पुढच्या सेमिस्टरला जातो. मग लास्ट इयरला फायनाइट एलिमेंट समोर येतं, प्रोजेक्टसाठी आपण अॅन्सिस नाहीतर अबॅकस उघडतो, आणि ज्या टॉपिकमध्ये पैकीच्या पैकी घेतले तोच टॉपिक सॉफ्टवेअरच्या पोटात बसून आपल्या उत्तराचं बरंवाईट ठरवत असतो, हे आपल्या गावीही नसतं. माझं मत सरळ सांगतो. इंटिग्रेशन किती बिंदूंवर करायचं आणि ते बिंदू कुठे ठेवायचे, हा मटेरियल किंवा फॅक्टर ऑफ सेफ्टी निवडण्याइतकाच डिझाइनचा निर्णय आहे. आपल्याला तो तसाच शिकवला पाहिजे, आणि ओरलला विचारलाही पाहिजे.

आधी सिम्पसनला त्याचं माप देऊन टाकू, नाहीतर मी त्याच्यावर उगाच डूख धरून बसलोय असं वाटायचं. गंमत म्हणजे हा नियम सिम्पसनचा नाहीच. थॉमस सिम्पसन १८व्या शतकातला. त्याच्या शंभरेक वर्षं आधी केप्लरने, होय, ग्रहांच्या कक्षावाल्याच केप्लरने, तो वापरला होता. १६१३ मध्ये त्याचं दुसरं लग्न झालं, त्या सुमारास त्याने वाइनची पिंपं विकत घेतली. व्यापारी पिंपाच्या तोंडातून एक काठी तिरकी आत घालायचा, ती किती लांबीपर्यंत आत जाते ते बघायचा आणि त्यावरून दाम सांगायचा. केप्लरला ही पद्धत पटेना. १६१५ मध्ये त्याने पिंपांच्या घनफळावर एक अख्खं पुस्तकच लिहिलं! दोन टोकांचे छेद, अधिक मधला छेद चौपट, भागिले सहा, गुणिले लांबी. जर्मन भाषेत आजही याला केप्लरचा पिंपाचा नियम म्हणतात. ट्रॅपेझॉइडल तर त्याहून कितीतरी जुना. २०१६ मध्ये ओसेनड्रायव्हर या अभ्यासकाने दाखवून दिलं की ख्रिस्तपूर्व ३५० ते ५० या काळातल्या बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर गुरू ग्रहाने कापलेलं अंतर समलंब चौकोनाच्या क्षेत्रफळावरून काढलेलं आहे.

हे नियम आजही कामाचे आहेत. सिव्हिलवाल्यांनो, सर्व्हेइंगमधला प्रिझमॉइडल फॉर्म्युला आठवा: रस्त्याचा भराव आणि खोदाई काढताना आपण सिम्पसनच लावतो. जहाज बांधणारे हलच्या ठरावीक स्टेशनांवरची क्षेत्रफळं घेऊन घनफळ काढतात, तेही सिम्पसननेच. अशा ठिकाणी आकडे आधीच समान अंतरावर मोजलेले असतात. दर २० मीटरवर लेव्हल घेतलीय म्हटल्यावर "मला ८.४५ मीटरवरची लेव्हल हवी" असं म्हणण्यात अर्थ नसतो. मोजून आलेल्या डेटाला सिम्पसन, हे मान्य.

पण जिथे फंक्शन आपल्या हातात आहे आणि हव्या त्या जागी त्याची किंमत काढता येते, तिथे समान अंतराची सक्ती कोणी केली? कोणीच नाही. ती आपल्या वहीतल्या टेबलाने केलेली आहे.

इथे खर्चाचा मुद्दा येतो. पेपरात एक वाय काढायचा म्हणजे कॅल्क्युलेटरची चार बटणं, त्यामुळे सहा भाग करा नाहीतर दहा, फरक पडतो तो हाताला. खऱ्या अॅनालिसिसमध्ये प्रत्येक वायची किंमत मोजावी लागते. इंटिग्रेशनमधली कार्यक्षमता म्हणजे काय, तर कमीत कमी वेळा फंक्शन काढून हवी तेवढी अचूकता मिळवणं. हा शब्द पेपरात कधी येतच नाही!

गाऊसने १८१४ मध्ये हाच प्रश्न धरला. त्याने फक्त वजनं नाही, तर बिंदूंच्या जागासुद्धा मोकळ्या सोडल्या. एन बिंदू म्हणजे एन जागा आणि एन वजनं, एकूण २एन गोष्टी आपल्या मर्जीच्या. त्या नीट निवडल्या तर २एन वजा १ घातापर्यंतची कुठलीही बहुपदी तंतोतंत इंटिग्रेट होते. वजा एक ते अधिक एक या अंतरात दोन बिंदू घ्यायचे असतील तर ते अधिक-उणे ०.५७७३५ वर ठेवायचे, प्रत्येकाचं वजन १. तिसऱ्या घातापर्यंत एका पैशाची चूक नाही. तेवढ्याच कामाला सिम्पसनला तीन बिंदू लागतात.

करून बघा. साइन एक्स, शून्यापासून पाय बाय टू पर्यंत. खरं उत्तर १. सिम्पसन तीन बिंदूंवर देतो १.००२२८. गाऊस दोनच बिंदूंवर देतो ०.९९८४७, म्हणजे एक बिंदू कमी घेऊन चूकही कमी. आता गाऊसला तीन बिंदू द्या: १.०००००८. सिम्पसनला पाच दिले तरी तो १.०००१३ वरच अडतो. (आणि कोणी म्हणेल, मग समान अंतरावरच बिंदू वाढवत जाऊ, तीन-अष्टमांश, वेडल, त्याच्याही पुढे... तर नऊ बिंदूंच्या सूत्रापासून काही वजनं चक्क ऋण येतात आणि गाडी घसरायला लागते.)

आता फायनाइट एलिमेंटकडे वळू. एलिमेंटची स्टिफनेस मॅट्रिक्स म्हणजे बी-ट्रान्सपोज डी बी याचं एलिमेंटच्या घनफळावरचं इंटिग्रेशन, हे सगळ्यांना पाठ आहे. तिरक्या-वाकड्या एलिमेंटसाठी ते हाताने सुटत नाही, म्हणून सॉफ्टवेअर ते गाऊस बिंदूंवर करतं. २० नोडचा ब्रिक घ्या. प्रत्येक बिंदूवर ६ बाय ६० ची बी मॅट्रिक्स बनवायची, जेकोबियन काढायचा, गुणाकार करून ६० बाय ६० च्या मॅट्रिक्समध्ये भर घालायची. तीन दिशांना तीन-तीन बिंदू घेतले की एका एलिमेंटला २७ वेळा हे काम. ब्रूस आयर्न्स या इंजिनिअरने १९७१ मध्ये दाखवलं की बिंदू हुशारीने मांडले तर १४ मध्ये भागतं. दोन-दोन घेतले तर ८. एक लाख एलिमेंटच्या मॉडेलमध्ये हा फरक २७ लाख, १४ लाख आणि ८ लाख असा होतो. नॉनलिनिअर असेल तर प्रत्येक इटरेशनला पुन्हा तेवढंच. साध्या लिनिअर प्रॉब्लेममध्ये बहुतेक वेळ समीकरणं सोडवण्यात जातो हे खरं आहे, पण गाडीच्या क्रॅशसारख्या एक्स्प्लिसिट अॅनालिसिसमध्ये मोठी मॅट्रिक्स सोडवायचीच नसते. तिथे जवळजवळ सगळा हिशेब या बिंदूंचाच.

इथपर्यंत वाचून "मग जास्त बिंदू म्हणजे जास्त अचूक आणि जास्त वेळ, एवढंच ना?" असं वाटलं असेल. नाही ना राव! खरी मेख पुढे आहे, आणि ती एका कागदावर मांडता येते.

चार नोडचा आयताकृती एलिमेंट घ्या, लांबी २ए, उंची २बी, आणि त्याला शुद्ध बेंडिंग द्या. खरा बीम गोलाकार वाकतो. चार नोडच्या एलिमेंटच्या कडा मात्र सरळच राहतात, त्यामुळे तो वाकण्याऐवजी समलंब चौकोनासारखा होतो. मग जिथे शिअर स्ट्रेन शून्य असायला हवा तिथे तो मधल्या रेषेपासूनच्या आडव्या अंतराच्या प्रमाणात उगवतो. या खोट्या शिअरची ऊर्जा धरली तर एलिमेंट खऱ्या बीमच्या किती पट ताठर होतो? पॉयसन रेशो ०.३ असेल तर १.०९९ अधिक ०.३८५ गुणिले (ए भागिले बी)चा वर्ग. चौरस एलिमेंटला १.४८ पट. म्हणजे जाडीत एकच थर ठेवला तर डिफ्लेक्शन खऱ्याच्या दोन-तृतीयांशच दिसेल. लांबी उंचीच्या दहापट असेल तर ३९.६ पट! पोलादाच्या पट्टीचं पार दगडात रूपांतर. याला शिअर लॉकिंग म्हणतात. लक्षात घ्या, इथे दोन बाय दोन असे चार गाऊस बिंदू वापरले तर इंटिग्रेशन तंतोतंत होतं. तसूभरही चूक नाही, आणि उत्तर चाळीसपट चुकलेलं.

आता तेच इंटिग्रेशन मधल्या एकाच बिंदूवर करा. त्या बिंदूवर बेंडिंगचा स्ट्रेन शून्य, खोटा शिअरही शून्य. ऊर्जा शून्य! म्हणजे या वाकण्याला एलिमेंटचा विरोधच नाही. एका एलिमेंटला दगड म्हणत होतो, तो आता चिंधी झाला. शेजारशेजारचे एलिमेंट मग वाळूच्या घड्याळासारखे आलटून-पालटून आकसतात-फुगतात, म्हणून याला अवरग्लासिंग म्हणतात. तोच एलिमेंट, तेच मटेरियल, तोच लोड, फक्त बिंदू चारऐवजी एक.

या दोन टोकांच्या मधून वाट काढण्यात लोकांनी आयुष्यं घातली आहेत. झिएनकिएविक्झ, टेलर आणि टू यांनी १९७१ मध्ये प्लेट आणि शेलसाठी मुद्दाम कमी बिंदू घेण्याची, म्हणजे रिड्यूस्ड इंटिग्रेशनची पद्धत मांडली. ८ नोडच्या चौकोनात दोन बाय दोन बिंदू घेतले तर बेंडिंग झकास येतं. चूक करून चूक खोडायची, असला हा प्रकार! फ्लॅनगन आणि बेलिट्श्को यांनी १९८१ मध्ये एकबिंदू एलिमेंटचं अवरग्लासिंग आवरायची रीत दिली, आणि ती आजही वापरात आहे. अबॅकसमध्ये एलिमेंटच्या नावाच्या शेवटी जो 'आर' असतो ना, सी-थ्री-डी-एट-आर मधला, तो या रिड्यूस्डचा आर. किती जणांनी तो आर नुसता लिस्टमध्ये पहिला दिसला म्हणून निवडला असेल?

यावर नेहमीचं उत्तर तयार असतं: सॉफ्टवेअरवाल्यांनी डिफॉल्ट विचार करूनच दिलाय, आपण कशाला डोकं लावायचं? विचार करून दिलाय हे खरंच आहे, पण त्यांनी विचार केलाय तो त्यांच्या समोरच्या कामाचा. एलएस-डायनामध्ये सॉलिडसाठी डिफॉल्ट एकच बिंदू आहे, कारण क्रॅशमध्ये लाखो वेळा तो हिशेब करायचा असतो आणि लोक अवरग्लास एनर्जी एकूण इंटर्नल एनर्जीच्या साधारण १० टक्क्यांच्या आत आहे ना, ते तपासतात. तुम्ही तेच डिफॉल्ट घेऊन जाडीत एकच एलिमेंट ठेवून ब्रॅकेट वाकवलात, तर तुम्हाला दिसणारी ताठरता बऱ्याच अंशी अवरग्लास कंट्रोलने वरून घातलेली कृत्रिम ताठरता असेल. डिफॉल्टने तुमचा ब्रॅकेट पाहिलेला नसतो.

आणि मग ती रंगीत चित्रं! प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये निळ्यापासून लालपर्यंतचा स्ट्रेस प्लॉट आर्ट पेपरवर कलर प्रिंट काढून लावला की अर्धं काम झालं असं आपण धरून चालतो. सॉफ्टवेअर स्ट्रेस मुळात काढतं ते गाऊस बिंदूंवर, एलिमेंटच्या आत. बार्लो यांनी १९७६ मध्ये दाखवलं की एलिमेंटमध्ये काही ठरावीक जागांवरच स्ट्रेस सगळ्यात भरवशाचा असतो, आणि त्या जागा बहुतेकदा रिड्यूस्ड इंटिग्रेशनच्या बिंदूंशी जुळतात. तिथून ते आकडे बाहेर नोडपर्यंत ताणले जातात, शेजारच्या एलिमेंटशी सरासरी काढली जाते आणि मग रंग भरला जातो. कोपऱ्यातला तो लालभडक ठिपका, ज्यावर आपण दोन पानं कन्क्लुजन लिहितो, तिथे स्ट्रेस प्रत्यक्ष काढलेलाच नसतो! सरासरी आणि बिनसरासरीचा प्लॉट शेजारी शेजारी ठेवून बघा. दोघांत मोठी तफावत असेल तर जाळी बारीक करायची वेळ आली आहे.

हे सगळं पुस्तकी नाही. २३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेत स्टाव्हांगरजवळच्या गान्सफ्योर्डमध्ये स्लाइप्नर-ए या तेल प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा अजस्र पाया बॅलास्ट चाचणी चालू असताना फुटला आणि बुडाला. सुमारे ७० कोटी डॉलरचं नुकसान. चौकशीत निघालं की भिंती जिथे एकमेकींना मिळतात तिथला शिअर स्ट्रेस फायनाइट एलिमेंट अॅनालिसिसने ४७ टक्के कमी दाखवला होता, त्यामुळे काही भिंती हव्या तेवढ्या जाड झाल्या नाहीत. नंतर काळजीपूर्वक केलेल्या अॅनालिसिसने ६२ मीटर खोलीवर भिंत फुटेल असं सांगितलं. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती. दोष गाऊस बिंदूंचा नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगतो. त्या जागी एलिमेंट फार मोठे आणि बेढब होते. पण सॉफ्टवेअरच्या आत काय चाललंय हे न तपासता बाहेर आलेला आकडा ड्रॉइंगवर उतरवण्याची सवय तीच. नंतरचं अॅनालिसिस इतकं जवळ आलं, यावरून पद्धत चांगलीच होती हेही कळतं.

"सिलॅबस आधीच ओसंडून वाहतोय, त्यात हे कुठे कोंबणार?" हा आक्षेप मला मान्य आहे, निम्मा. नवीन काही कोंबायची गरज नाही. तीन-अष्टमांश आणि वेडलची घोकंपट्टी कमी करा, तेवढ्या वेळात मुलांना एकच इंटिग्रल तीन पद्धतींनी सोडवायला लावा आणि प्रत्येक वेळी फंक्शन किती वेळा काढावं लागलं ते मोजायला लावा. जर्नलमध्ये दोन पानं लागतील. आणि त्या तीनातलं एक इंटिग्रल मी सुचवतो: ई रेझ्ड टू कॉस थीटा, शून्यापासून दोन पायपर्यंत.

याची मजा अशी आहे. खरं उत्तर ७.९५४९२६५. ट्रॅपेझॉइडलने चार भाग केले तर ७.९८९३, ठीकठाक. आठ भाग केले तर ७.९५४९२७८! सहा आकडे बरोबर, आठ किमतींत. आता "सिम्पसन ट्रॅपेझॉइडलपेक्षा अचूक असतो" हे पाठ केलेलं वाक्य आठवा आणि त्याच आठ भागांवर सिम्पसन लावा. येतं ७.९४३४६. तोच डेटा, आणि चूक सुमारे नऊ हजार पट जास्त! कारण फंक्शन आवर्ती आहे आणि आपण पूर्ण एक आवर्तन घेतलंय. अशा ठिकाणी ट्रॅपेझॉइडलमधल्या वरखाली चुका आपोआप एकमेकींना खाऊन टाकतात आणि भाग वाढवले की चूक झपाट्याने कोसळते. सिम्पसन मात्र एका आड एक बिंदूला चार-दोनचं वेगळं वजन देऊन तो समतोल मोडतो. शाफ्टच्या एका फेऱ्यातला टॉर्क, इंजिनचं एक सायकल, लंबवर्तुळाचा परीघ: आपल्या ब्रँचमध्ये अशी इंटिग्रल्स पदोपदी भेटतात. कुठली पद्धत चांगली हे फंक्शन बघून ठरतं, हे एवढं एक उदाहरण वर्गात फळ्यावर केलं तरी मुलं झोपेतून उठतील.

तुमच्या खिशातल्या कॅल्क्युलेटरमध्येही हा वाद चालू आहे. कॅसिओ एफएक्स-९९१एमएसवर इंटिग्रेशन करताना शेवटी एक एन द्यावा लागतो, दोनचा एनवा घात एवढे भाग करून तो सिम्पसन लावतो. त्यानंतरच्या ईएस मॉडेलमध्ये एन विचारतच नाही, कारण आत गाऊस-क्रॉनरॉड पद्धत आहे. गाऊसच्या बिंदूंमध्ये आणखी काही बिंदू मिसळून दुसरं, जास्त अचूक उत्तर काढायचं, दोघांतल्या फरकावरून चुकीचा अंदाज घ्यायचा, आणि आधी काढलेल्या किमती वाया घालवायच्या नाहीत. ७ बिंदूंचं उत्तर आणि १५ बिंदूंचं उत्तर, पण एकूण काम १५ चंच. एमएसवाल्यांनी एकदा एन तीन, मग चार, मग पाच घालून वरचंच इंटिग्रल करावं आणि उत्तर किती हलतं ते बघावं. हलायचं थांबलं की किती आकडे खरे ते कळतं. स्वतःचं स्वतः तपासण्याची ही साधी रीत कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चालते.

आणि एक्स्टर्नल येतील तेव्हा त्यांनी प्रोजेक्टच्या रंगीत पानावर बोट ठेवून विचारावं, असे माझ्याकडे तीन प्रश्न आहेत. एलिमेंट कुठला? त्यात इंटिग्रेशन पॉइंट किती? ते बदलून, किंवा जाळी दुप्पट बारीक करून, डिफ्लेक्शन किती हललं? तिसऱ्याचं उत्तर टक्केवारीत यावं. ज्या ग्रुपकडे ते असेल त्याला मार्क द्या, मग प्रिंट ब्लॅक अँड व्हाइट असली तरी.